तक्ता गेला कुठे? 'आर' ही सांख्यिकीची प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : 36 जिल्ह्यांचे तक्ते एका आर मार्कडाउन (मजकूर आणि 'आर'चा कोड एकत्र असलेल्या) अहवालात हवे आहेत. 'फॉर' लूपमध्ये प्रत्येक जिल्ह्याची माहिती गाळून तक्ता मांडणाऱ्या 'केबल' फंक्शनला दिली. एरर येत नाही, पण अहवालात एकही तक्ता उमटत नाही. लूपबाहेर तीच ओळ चालवली की तक्ता नीट दिसतो.

उत्तर : कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नुसते नाव टाकले की तक्ता दिसतो, कारण सर्वांत वरच्या पातळीवर लिहिलेल्या ओळीचे उत्तर 'आर' आपणहून छापते. लूपच्या आत ही सोय नाही. तिथे 'केबल' तक्ता बनवते, पण तो कुणी छापत नाही आणि पुढच्या फेरीत टाकून दिला जातो. चूक काहीच घडलेली नसते, मग एरर कुठून येणार?

म्हणून 'केबल' हे 'प्रिंट'च्या कंसात घाला. एवढ्याने तक्ते येतील, पण उभ्या रेघांचा कच्चा मजकूर म्हणून, प्रत्येक ओळीआधी दोन हॅश लागून. ते घालवायला चंकच्या (अहवालातल्या कोडच्या तुकड्याच्या) डोक्यावर 'रिझल्ट्स' या पर्यायाला 'अ‍ॅझइझ' ही किंमत द्या.

तिसरी अडचण जिल्ह्याचे नाव शीर्षक म्हणून छापताना येते. ते आधीच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीला चिकटते आणि शीर्षक राहत नाही. 'कॅट' वापरून शीर्षकाच्या आधी आणि नंतर दोन-दोन नव्या ओळी सोडा. 'कॅट' लूपमध्येही छापते, त्याला 'प्रिंट' लागत नाही.

लूपऐवजी, यादीतल्या प्रत्येकावर तेच फंक्शन चालवणारे 'एलॲप्लाय' वापरून पाहावेसे वाटेल. तक्ते येतात, पण मध्ये-मध्ये दुहेरी चौकटी कंसातले क्रमांकही येतात. या कामाला साधा लूपच बरा.

फंक्शनच्या आतही हाच नियम. तीन तक्ते नुसते लिहिलेत तर शेवटचा तेवढा दिसेल, कारण तो फंक्शनचे उत्तर म्हणून बाहेर येतो. 'सोर्स'ने चालवलेल्या फाइलमधले तक्ते दिसत नसतील तर 'एको' हा पर्याय ट्रू करा.

प्रश्न : कालपासून कन्सोलवर काहीच उमटत नाही. तक्ता सोडा, दोन अधिक दोनही नाही. एरर मात्र दिसतात.

उत्तर : एरर दिसतात हीच खूण. कुठल्या तरी स्क्रिप्टने 'सिंक'ने आउटपुट फाइलकडे वळवले आणि ते बंद करण्याआधीच ती एरर येऊन थांबली. एररची वाट वेगळी, म्हणून त्या तेवढ्या पडद्यावर येतात. किती वळणे उघडी आहेत हे 'सिंक डॉट नंबर' सांगते, पण त्याचे उत्तरही त्या फाइलमध्येच जाते! ते 'मेसेज'च्या कंसात घाला, म्हणजे दिसेल. आकडा जितका, तितक्या वेळा रिकाम्या कंसाचे 'सिंक' चालवा. एखादे जास्त झाले तर फक्त वॉर्निंग येते. गायब तक्ते त्या फाइलमध्ये सापडतील. यापुढे 'सिंक' फंक्शनमध्ये ठेवा आणि बंद करण्याची ओळ 'ऑन डॉट एग्झिट'मध्ये द्या, म्हणजे मध्ये एरर आली तरी वाट मोकळी होईल.

प्रश्न : 12 रकान्यांची डेटा फ्रेम ('आर'मधला माहितीचा तक्ता) छापताना 83 ओळींवरच का थांबते?

उत्तर : तुमच्याकडे 'मॅक्स डॉट प्रिंट' 1000 वर आहे. ही मर्यादा ओळींची नसून चौकटींची असते : 1000 भागिले 12, म्हणजे 83. मूळ 'आर'मध्ये ती 99999 असते. 'ऑप्शन्स'मधून वाढवता येते, पण हजारो ओळी कन्सोलवर वाचणार कोण? 'व्ह्यू' वापरा, त्यातला 'व्ही' मात्र कॅपिटल हवा. साध्या डेटा फ्रेमऐवजी टिबल (तिचाच नवा प्रकार) असेल तर 20 पेक्षा जास्त ओळी असताना पहिल्या 10 च दिसतात. तिथे 'प्रिंट'मध्ये 'एन'ला 'इन्फ' (अमर्याद) द्या. उरलेले रकाने हवे असतील तर 'विड्थ'लाही.