गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या अटींमुळे मुलं कॉलेज बदलतात का?

बदलतात, आणि कधीकधी नुकसान करून घेऊन बदलतात. तुम्ही अमेरिकेतल्या राज्यांच्या शिष्यवृत्त्यांबद्दल विचारलंय, म्हणून तिथलंच सांगते. रक्कम मी नंतर बघते. आधी बघते ती कोणत्या कॉलेजात चालते आणि टिकवायला काय लागतं.

मॅसॅच्युसेट्सची अ‍ॅडम्स शिष्यवृत्ती घ्या. राज्याच्या शालेय परीक्षेत ठरलेली पातळी गाठा, आपल्या शालेय जिल्ह्यात वरच्या 25 टक्क्यांत या, की राज्याच्या सरकारी कॉलेजात ट्यूशन, म्हणजे शिकवण्याचं शुल्क, माफ. ऐकायला झकास! पण मेख अशी की तेव्हा तिथे ट्यूशन हा खर्चाचा लहानसाच भाग होता; अ‍ॅमहर्स्टच्या विद्यापीठात वर्षाला 1,714 डॉलर. त्याच्या कितीतरी पट रक्कम ‘फी’ म्हणून वेगळी भरावी लागायची आणि ती माफ नव्हती. सारा कोहोड्स आणि जोशुआ गुडमन यांनी 2014 साली कट-ऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुलांची तुलना छापली. हुशारीत दोघं सारखेच. तरी वरच्यांपैकी बरेच जण अधिक चांगली कॉलेजं सोडून सरकारी कॉलेजात गेले आणि त्या गटात पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण घटलं. थोड्याशा सवलतीसाठी मुलांनी केवढा मोठा सौदा केला! त्यांना दोष देववत नाही. बारावीच्या वर्षात राज्याकडून अभिनंदनाचं पत्र आलं की घरात कोण हिशेब मांडत बसतं?

जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती 1993 पासून लॉटरीच्या पैशावर चालते. सुरुवातीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा होती, ती 1995 मध्ये काढून टाकली. त्यामुळे जे असेही कॉलेजात जाणारच होते अशा घरांतही पैसा पोचला. बाहेरच्या राज्यात जाणारी बरीच हुशार मुलं जॉर्जियातच थांबली. राज्याला तेच हवं होतं, त्यामुळे याला अपयश म्हणता येणार नाही. पण कॉलेजातही जीपीए, म्हणजे गुणांची 4 पैकी सरासरी, 3.0 टिकवायचा असतो. मग मुलं कमी विषय घेतात, अवघड विषय मध्येच सोडतात किंवा उन्हाळी सत्रावर ढकलतात. जॉर्जिया विद्यापीठातल्या नोंदींवरच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. म्हणजे अट कॉलेजच्या निवडीवर थांबत नाही, पुढे वर्गातही पाठलाग करते.

वेस्ट व्हर्जिनियाने 2002 मध्ये वेगळी खेळी केली. प्रॉमिस शिष्यवृत्ती टिकवायची तर गुणांसोबत वर्षाला 30 क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेली अभ्यासाची एककं) पूर्ण करायचे. कमी विषय घेऊन जीपीए वाचवण्याची वाटच बंद! चार वर्षांत पदवी घेणारे वाढले. शेवटच्या वर्षी मात्र ही अट मागे राहते, कारण पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळवायचीच नसते. त्या वर्षी तिचा परिणामही उरला नाही. मला ही योजना सर्वांत प्रामाणिक वाटते: काय हवंय ते सरळ मागितलं.

तुमच्या मुलासाठी कागद काढून दोन रकाने करा. एकात शिष्यवृत्ती वजा जाता सरकारी कॉलेजचा चार वर्षांचा पूर्ण खर्च, राहणं-जेवण धरून. दुसऱ्यात आवडतं कॉलेज स्वतः देत असलेली मदत वजा करून उरणारा खर्च. दोन्हीखाली सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण लिहा. ते कॉलेजांच्या आकडेवारीत सापडतं. आणि जॉर्जियातच राहणार असाल तर हेही माहीत असू द्या: जीपीए 30, 60 आणि 90 क्रेडिट तासांना तपासला जातो. गेलेली होप शिष्यवृत्ती परत मिळवता येते, पण एकदाच.