दोन प्लॉट गाळण्याआधी

‘सातपैकी दोन प्लॉटचे आकडे जुळत नाहीत, गाइड म्हणतात काढून टाक’ ही तुमची पीएचडीबद्दलची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच समोर दिसलो. माझंही काम निफाडच्या द्राक्षांवरच होतं, तेही डाऊनीवर, म्हणजे केवडा रोगावर. रेप्लिकेशन वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

माझी चूक सांगतो. गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची छाटणी) दोन प्लॉटमध्ये फवारणी करूनही डाऊनी आटोक्यात येईना. मी एक्सेलमधल्या त्या ओळी डिलीट केल्या आणि सेव्ह केलं. फाइल एकच, कॉपी नाही. कच्ची वही खोली बदलताना रद्दीत गेली. पुढे पेपरच्या रिव्ह्यूअरने सगळ्या प्लॉटच्या नोंदी मागितल्या. काय पाठवणार? पेपर मागे घेतला.

खरी चुटपुट वेगळीच. ते दोन्ही प्लॉट कादवा नदीकाठचे. तिथे सकाळी उशिरापर्यंत पानं ओली राहायची, आणि डाऊनीला ओलं पानच लागतं. म्हणजे सांगण्यासारखं जे होतं ते त्या दोन प्लॉटमध्येच होतं! बागवाल्या काकांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ‘हो हो’ म्हणून पुढे गेलो.

आमच्या संशोधन केंद्राच्या ऑफिसने प्रबंध तीनदा परत पाठवला. एकदा समासासाठी, एकदा बाइंडिंगच्या रंगासाठी, एकदा इतर लिखाणाशी साम्य ११ टक्के आलं म्हणून (यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत सूट आहे). मूळ नोंदी कुठायत, हे एकदाही कुणी विचारलं नाही. वाक्यं चोरलेली नसली की झालं, आकडे कुठून का येईनात! माझं स्पष्ट मत आहे, प्रबंधासोबत कच्चा डेटा जमा करणं सक्तीचं हवं. कुणाला टोकाचं वाटेल, वाटू दे.

गाइडशी भांडा असं म्हणत नाही, तुमचं तिथलं गणित मला माहीत नाही. पण दोन्ही हिशेब करून दाखवा, सात प्लॉटचा आणि पाचाचा. गाळायचेच असतील तर कारण प्रबंधात लिहा. ‘जुळत नाही’ हे कारण नव्हे. फवारणीच चुकली होती, हे कारण. आणि तोंडी सूचना आली की ‘आज ठरल्याप्रमाणे’ असा साधा ईमेल टाकून ठेवा. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापून येण्याची सक्ती राहिलेली नाही, तेव्हा त्या घाईपोटी तरी आकडे सरळ करू नका. तुमच्या विद्यापीठाचं काय ते मात्र विचारून घ्या.

हो, आणि बागेत जेल पेन नेऊ नका. दवात शाई पसरते. पेन्सिल बरी.