रात्रीची लाइट

ताई,
मी औसा तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरीला. तो निलंग्याकडचा. लातूरला आम्ही एका वर्गात होतो, चार वर्षं झाली. आधी स्क्रीनवर नुसतं त्याचं नाव दिसलं तरी छातीत धडधडायचं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलायचो. आता तो 'हं, हं' करतो, बोलता बोलता झोपून जातो. माझ्या वाढदिवसाला बारा वाजता फोनच आला नाही, पहाटे साडेपाचला केला (त्या आठवड्यात त्याच्याकडे रात्रीची लाइट होती). मला जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही. त्याचं प्रेम आटलं का? की मीच जास्त जीव लावला?
– पुण्यातली एक

बाई गं,
तुझं मूळ पत्र चार पानी आहे, इथं थोडक्यात घेतलंय. त्या चार पानांत मला एकच ओळ कामाची वाटली, आणि ती तू कंसात टाकलीस.

रात्रीची लाइट. तू औसा तालुक्यातली आहेस, म्हणून हे तुला सांगावं लागतंय याचंच मला नवल वाटतं. शेतीच्या फिडरला, म्हणजे रानातल्या विजेच्या लाइनीला, मोटर चालेल अशी थ्री फेज वीज मिळते आठेक तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा मिळावी म्हणून २०१७ पासून सरकारची सौर कृषी वाहिनी योजना आहे, ती त्याच्या फिडरपर्यंत पोचलेली दिसत नाही. म्हणजे थंडीच्या मध्यरात्री तो उठतो, विहिरीवर जातो, मोटर चालू करतो. हरभऱ्यात तुषारचे पाइप असतील तर दर काही तासांनी ते चिखलातून उचलून पुढं न्यायचे. मध्येच फेज जाते. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज उडाला तर अंधारात तिथवर चालत जायचं. रानडुकरं असतात. घोणस तर थंडीतच जास्त फिरते, हे तुझ्या वडिलांना विचार. पहाटे लाइट गेली की घरी यायचं.

आता त्या साडेपाच वाजता आलेल्या फोनकडे पुन्हा बघ. चिखलाचे पाय धुवायच्या आधी त्यानं तुला फोन केला असेल. तू त्याला काय बोललीस ते पत्रात नाही, पण मला अंदाज आहे.

तुझी तडफड खोटी आहे, असं मी म्हणत नाही. जेवण न जाणं, सारखा फोन उलटसुलट करून बघणं, हे ज्याला होतं त्यालाच कळतं. पण तुझ्या पत्रातला आनंद असो की दुःख, सगळं फोनमध्येच आहे. तो किती वाजता बोलला, किती वेळ बोलला, कसा बोलला. चार पानांत त्याच्या रानात यंदा काय पेरलंय ते कुठंच नाही. त्याला जमीन किती, विहिरीला पाणी कुठवर पुरतं, घरी म्हातारं माणूस कोण, काहीच नाही.

तू का विचारत नाहीस, ते सांगू? विचारलं की पुढचा प्रश्न तुझ्याच अंगावर येतो: या रानात मी नांदेन का? आपल्याकडे दहा-दहा एकरवाल्या पोरांना मुली मिळेनात. स्वतः शेती करणारे बाप नोकरीवाला जावई शोधायलेत. तुझे वडीलही त्यातलेच असतील, आणि थोडीशी तूही. हे त्याला तुझ्या आधी कळलंय. तू रडतेस तेव्हा तो गप्प बसतो ना, तो त्यामुळं. 'ये इकडं' म्हणायची त्याला सोय नाही आणि 'मी येतो पुण्याला' म्हणायचीही नाही.

तेव्हा एकच कर. येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळ अमावस्या, जवळ आलीय. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात. कोण कुणाच्या शेतात जेवायला गेलं, याची चौकशी त्या एका दिवशी कुणी करत नाही. चार वर्षांत त्यानं तुला बोलावलं नसेल, हे काही मला पटत नाही. रजा टाक आणि जा. भावाला बरोबर घे, आईला खरं सांगून जा. कडब्याच्या कोपीपाशी बस, भज्जी-आंबील खा, त्याच्या आईशी बोल. मग त्याच्याबरोबर विहिरीवर जा आणि तो रात्रीचा कुठून कुठं चालतो, तेवढं सगळं पायानं चालून बघ. त्या वाटेवर प्रेमाबिमाचं काही बोलू नकोस.

चालून आल्यावर वाटलं की हे आपल्याच्यानं होणार नाही, तर तिथंच त्याच्या तोंडावर सांग. तो दुखावेल, पण वाट बघत बसणार नाही. मात्र 'तू फोनवर झोपतोस' हे कारण पुढं करू नकोस. तसं केलंस तर मला पुन्हा लिहू नकोस.

आणि होईल असं वाटलं, तर परतताना एसटीत बसल्या बसल्या आईला सांगून टाक. घरचं भांडण उन्हाळ्यापर्यंत चालेल. चालू दे.

जाताना पुण्याहून चॉकलेटचे डबे नेऊ नकोस. गुडघ्यापर्यंत येणारे चांगले गमबूट ने. कुठल्या नंबरचे, ते तुला माहीत नसणार. आज रात्री विचारून घे.