इयागो करतोयस तर आधी ऐकायला शिक

अरे बाळा,

परवा नौपाड्यात तुमच्या शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या तालमीला बसलो होतो, सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं म्हणून लिहितोय. पाठांतर छान झालंय, आवाजही लागतोय, पण तू पहिल्या एंट्रीपासूनच डोळे बारीक करतोस, ओठ वाकडा करतोस, गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतल्या शेवटच्या माणसालाही लगेच कळेल की हा व्हिलन. मग ऑथेल्लोला का कळत नाही? तो सेनापती आहे, बावळट नाहीये, आणि नाटकात जो तो इयागोला प्रामाणिक माणूस म्हणतो. आपला प्रेक्षक ही गोष्ट देवलांनी केलेल्या मराठी रूपांतरापासून, १८९० च्या 'झुंझारराव'पासून ओळखतो रे, त्याला धक्का नकोय, हे घडतं कसं ते बघायचंय.

माझं म्हणणं असं की हा माणूस ऐकून घात करतो. ऑथेल्लोपेक्षाही जास्त ओळी त्याला आहेत, तरी सांगतोय. कुणाला काय हवंय, काय टोचतंय ते तो हेरतो आणि तेच त्याच्या पुढ्यात ठेवतो. रॉडरिगोला ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना हवीय, तर त्याला आशेवर ठेवायचं आणि पैसे उकळायचे, तिथे फार डोकं लावू नकोस. ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ, त्याचं मात्र नीट बघ. आधी त्याला दारू पाजून मारामारी घडवतो, हुद्दा घालवतो आणि मग त्यालाच सांगतो की डेस्डिमोनाला रदबदली करायला सांग. आता हा सल्ला वरवर अगदी बरोबर आहे! खऱ्या मित्राने पण हेच सांगितलं असतं. म्हणून त्या प्रवेशात तू खरंच मित्र हो, डाव सांगायला स्वगतं दिलीत ना शेक्सपिअरने, मग कॅसिओच्या तोंडासमोर कशाला दाखवतोस?

तिसरा अंक तर सगळा कानांवरच चालतो. कॅसिओ डेस्डिमोनाजवळून निघून जाताना दिसतो, इयागो पुटपुटतो की हे मला आवडलं नाही, आणि विचारलं तर म्हणे, काही नाही. मग ऑथेल्लोचाच शब्द उचलून त्याला परत देत राहतो, इतका की ऑथेल्लो वैतागून म्हणतो हा माझीच नक्कल करतोय. संशय पुरा करायचं काम ऑथेल्लो स्वतःच करतो. आणि सुरुवातीला डेस्डिमोनाचा बाप चिडून ऑथेल्लोला म्हणालेला असतो ना, हिने मला फसवलं, तुलाही फसवेल, तेव्हा इयागो तिथेच उभा असतो, लगेच पुढे ऑथेल्लो बायकोला त्याच्याच भरवशावर सोडतो, आणि तिसऱ्या अंकात इयागो बापाचं तेच बोलणं बाहेर काढतो. परवा बाप ते बोलत होता तेव्हा तू मागे उभा राहून पट्टा सारखा करत होतास. तिथे तुला एकही वाक्य नाही, पण माझ्या मते तुझा सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच, ते वाक्य तुझ्या कानात पडलेलं मला दिसलं पाहिजे.

आता एमिलिया, इयागोची बायको. जगाचं ऐकणारा हा माणूस बायकोचं ऐकतच नाही. ऑथेल्लोला खोटा पुरावा दाखवायला तिच्याकडून डेस्डिमोनाचा रुमाल घेतो आणि ती कशाला हवाय विचारते तर तिला घालवून देतो. चौथ्या अंकात ती त्याच्या समोरच म्हणते की कुणीतरी हरामखोराने हुद्द्यासाठी डेस्डिमोनाची ही बदनामी रचली असणार, तर असा माणूस असूच शकत नाही म्हणून तो उडवून लावतो. शेवटी रुमालाचं बिंग तीच फोडते, तो गप्प बस, घरी जा म्हणतो, ती ऐकत नाही, तो तिला भोसकतो, आणि पकडला गेल्यावर यापुढे एक शब्द बोलणार नाही म्हणतो. परवा तू एमिलिया करणाऱ्या मुलीकडे एकदाही नीट बघितलं नाहीस, आणि तीही प्रेक्षकांकडे बघूनच बोलत होती. चौथ्या अंकातलं ते वाक्य तिला तुझ्या डोळ्यांत बघून बोलायला सांग आणि तू उत्तर द्यायची घाई करू नकोस. रविवारी येतोय मी, आधी तोच प्रवेश लावा.