रॉक उतरणीला लागलंय का? एकाच बँडच्या दोन रेकॉर्ड ऐकून बघ

तुझा प्रश्न असा, की बाबा म्हणतात १९८० नंतर रॉकमध्ये ऐकण्यासारखं काही झालंच नाही, आणि मित्र म्हणतात जुन्या लोकांना आजच्या पोरांइतकं वाजवताही येत नव्हतं. खरं कोणाचं?

माझं मत आधीच सांगतो. वाजवण्याचं कसब वाढलंय, यात वादच नाही. पण साधारण १९९५ ते २०१० या काळातल्या बऱ्याच मोठ्या रेकॉर्ड आधीच्यांपेक्षा ऐकायला वाईट झाल्या. दोष पिढीचा नाही, रेकॉर्ड करायच्या पद्धतीचा आहे.

बाबांपर्यंत जे जुनं पोचलं, ते काळाने चाळून पोचलंय. १९६७ साली बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही जोडी ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरावर अडकली, कारण वर एंजेलबर्ट हम्परडिंक या गायकाचं 'रिलीज मी' हे हळवं गाणं ठाण मांडून बसलं होतं. १९६९ म्हणजे वुडस्टॉक या गाजलेल्या रॉक महोत्सवाचं वर्ष. त्या वर्षीच्या बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या हिट गाण्यांच्या वार्षिक यादीत पहिलं आलं 'शुगर, शुगर', आणि ते ज्यांच्या नावावर आहे ते 'द आर्चीज' कार्टूनमधले! साठच्या दशकाची आठवण काढताना हे कोणी धरत नाही. आजचं मात्र आपण न चाळलेलं ऐकतो.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आजचा गिटारवादक टिम हेन्सन गिटारवर जे करतो ते १९७० साली कोणी करत नव्हतं. पण ब्लॅक सबाथ या जुन्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट बघ. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गेला तो तारा दाबायचा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. हेवी मेटलचा तो जड आवाज यातूनच घडत गेला. वेगाच्या मापाने आयोमीला मोजलंस तर हाती काहीच लागणार नाही.

आता मूळ मुद्दा. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हेडफोन लावून ऐक, आणि पहिले काही ठोके नीट ऐक. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचे ड्रम्स मांडले होते. रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्सने वरून दोन माइक खाली सोडले, बस. एकेका ड्रमला वेगळा माइक नाही. तुला ऐकू येतो तो ठोका आणि त्याबरोबर अख्खा जिना. रोलिंग स्टोन्सचं १९६९ चं 'हॉन्की टाँक विमेन' सुरू होतं त्यापेक्षा संपताना चांगलंच जलद असतं. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स याच्या कानात क्लिकची, म्हणजे लय धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक नव्हती. लय चढली म्हणून कोणी थांबलं नाही, आणि गाणं पेटलं ते त्या चढण्यामुळेच, असं मला वाटतं.

१९९१ मध्ये प्रो टूल्स हे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर आलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर उचलून बरोबर रेघेवर ठेवता येऊ लागला. त्याच सुमारास कंपन्यांची चढाओढ लागली, की आमचं गाणं रेडिओवर शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. म्हणून मास्टरिंग करताना, म्हणजे रेकॉर्डवर शेवटचा हात फिरवताना, हळू आवाजाचे भाग वर ओढायचे आणि मोठ्या आवाजाचे भाग दाबून सपाट करायचे.

यात पिढीचा संबंध नाही हे पटवायला मेटॅलिका हा एकच बँड पुरे. 'मास्टर ऑफ पपेट्स' १९८६ चा, 'डेथ मॅग्नेटिक' २००८ चा. चारातले तिघे तेच: हेटफील्ड, उलरिक, हॅमेट. दुसऱ्यातलं कुठलंही गाणं ऑडॅसिटी या आवाजाची लाट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, लाटेच्या जागी वीट दिसेल, आणि स्नेअर ड्रमच्या ठोक्याबरोबर आवाज फाटलेला ऐकू येईल. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये आली, तिथे ती इतकी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं आणि गेममधली आवृत्ती बरी निघाली! तेच वादक, तेच वाजवणं, मेलं ते शेवटच्या पायरीवर.

तुलना करताना दोन्हीकडचा आवाज सारखा करून ऐक, कारण मोठं वाजणारं क्षणभर चांगलंच वाटतं. जुन्या अल्बमची नंतर निघालेली 'रीमास्टर' आवृत्तीही याच चरकातून गेलेली असू शकते, तेव्हा जमलं तर जुनी सीडी मिळव. आता स्ट्रीमिंगवाले सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे दाबून फायदा उरला नाही, आणि बऱ्याच नव्या रेकॉर्डमध्ये पुन्हा जरा मोकळं वाटतं. टूल या बँडचा 'फिअर इनॉक्युलम' आणि डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी. या बँडचा 'डॉग्रेल', दोन्ही २०१९ चे, जरूर ऐक. हे उतरणीचं संगीत आहे असं कोणी म्हटलं तर मी भांडेन.

मला चिंता आहे ती वेगळीच. ११ फेब्रुवारी १९६३ ला बीटल्सनी एका दिवसात १० गाणी रेकॉर्ड केली, कारण त्याआधी हॅम्बर्गच्या क्लबांत ते रात्र-रात्र, तासन् तास एकत्र वाजवून आले होते. अशी जागा आज नव्या बँडला कुठे आहे? मुंबईत १९८६ पासून रंगभवन या खुल्या नाट्यगृहात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा, कॉलेजच्या पोरांना मोठं स्टेज आणि समोर गर्दी मिळायची. शांतता क्षेत्राच्या नियमात ते रंगभवन गप्प झालं. पुण्यात २०१० पासून वीकेंडर हा संगीत महोत्सव आला, चांगलाच आहे, पण तिथे वर्षातून एकदा, तेही तयार झालेला बँड उभा राहतो. तयार होण्यासाठी आठवड्याला तीन-चार रात्री वाजवायला मिळेल अशी जागा लागते, आणि ती पुण्या-मुंबईत मला दिसत नाही. घरी एकट्याने लॅपटॉपवर गाणं उत्तम होतं, पण चौघांनी एकमेकांकडे बघत लय चढवणं तिथे शिकता येत नाही.