कामावर मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन टाळू नका

तुमचे मेहुणे भट्टीजवळ काम करताना कोसळले, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर हार्ट अटॅक म्हणतात, विमा कंपनी शवविच्छेदन मागते आणि घरचे तयार नाहीत. माझं मत विचाराल तर होऊ द्या, तेही अंत्यविधीआधी. दहन झालं की विषय संपला. रसायनं भरून देह टिकवला तरी रक्ताच्या तपासण्यांचा बराचसा भरवसा जातो.

ईसीजी, रक्ततपासणी काहीच झालेलं नसेल, तर ‘हार्ट अटॅक’ हा बहुतेक वेळा अंदाजच असतो. भट्टीपाशी कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायूही जीव घेतो, आणि तो रक्तात मृत्यूनंतरही सापडतो. पण कुणी शोधला तरच! म्हणून माणूस कुठे, काय काम करत होता आणि शेजारच्या कुणाला डोकेदुखी किंवा मळमळ झाली का, हे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना लेखी द्या. रक्त आणि हृदयाचे नमुने राखून ठेवायलाही सांगा. विमा कंपनी ही माहिती तिच्या सोयीनेच देणार, हे गृहीत धरा.

उष्माघाताचं मात्र अवघड असतं. त्याची स्वतःची अशी खूण देहावर राहतेच असं नाही. दवाखान्यात आणल्याबरोबर ताप मोजला असेल, तर तो कागद अहवालापेक्षा मोलाचा. आजच त्याची प्रत मागा.

हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली निघाली की ‘जुनाच आजार’ म्हणून विमा कंपनीवाले भरपाईचा दावा फेटाळायला बघतील. तेवढ्याने खचू नका. जुना आजार कामाच्या ताणाने किंवा उष्णतेने बळावला का, हा प्रश्न अनेक ठिकाणच्या कायद्यांत खुला असतो आणि त्याचं उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळत नाही. ते हजेरीपटात, जादा पाळ्यांच्या नोंदींत आणि सोबत्यांच्या जबाबांत सापडतं. उलट बाजूही लक्षात घ्या : झटका आल्यावर तासाभरात माणूस गेला, तर हृदयाच्या स्नायूत डोळ्यांना काहीच दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीही बदल दिसायला काही तास जावे लागतात. तेव्हा ‘विशेष काही आढळले नाही’ या ओळीवरून कुणी झटका आलाच नव्हता म्हणालं, तर ते मान्य करू नका.

आणि नकार द्यायचाच असेल, तर आधी वकिलाला विचारा. काही ठिकाणी सबळ कारणाशिवाय दिलेला नकार दाव्याच्या विरोधात जातो.