घरातल्या पार्लरची जाहिरात कुठे करू? पत्ता आणि नंबर सगळ्यांना द्यायची भीती वाटते

ताई, तुमचा प्रश्न खरं तर इन्स्टावर पैसे भरून जाहिरात करू की पॅम्फ्लेट छापू, असा आहे. पण शेवटी हळूच जोडलंय, "मिस्टर बाहेरगावी असतात, मी जास्तच घाबरते का?" मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलेय. नाही, जास्त घाबरत नाही तुम्ही.

२०१८ ची गोष्ट. नाशिकला सिडकोत आमचं छोटं रो-हाउस आहे. आयटीआयमधून बेसिक कॉस्मेटॉलॉजी केलेलं, लग्नाआधी कॉलेज रोडच्या एका पार्लरात तीन वर्षं काम केलेलं. मुलगी पहिलीत गेली तसं पुढच्या खोलीत पडदा लावून सुरू केलं. एक खुर्ची, एक सेकंडहँड फेशियल बेड, ट्रॉली, वॅक्स हीटर. मिस्टर सातपूरला कंपनीत, तीन शिफ्ट. आठवड्याला आठ-दहा आयब्रो, एखादं क्लीनअप, एवढाच धंदा.

धाकटा दीर तेव्हा मोबाइलच्या दुकानात कामाला होता. माझी रिकामी खुर्ची बघून त्याचाच जीव वरखाली व्हायचा. "वहिनी, ऑनलाइन नसाल तर लोकांना कळणार कसं?" मी म्हणायचे, बघू. एका रविवारी त्याने मला न विचारता एका फुकट जाहिरातींच्या साइटवर माझं पार्लर टाकून दिलं. चांगल्या मनाने टाकलं, हे मी आजही मान्य करते. पण काय टाकलं ते ऐका. फोटो माझा, नणंदेच्या लग्नातला, पैठणीतला. नंबर माझा रोजचा, जो शाळेत, बँकेत, गॅसवाल्याकडे दिलाय तोच. पत्ता घर नंबरासकट. सेवांची यादी कुठल्याशा स्पाच्या जाहिरातीतून उचललेली, म्हणून त्यात "फुल बॉडी मसाज" आणि "होम सर्व्हिस". वेळेच्या रकान्यात त्याने काही भरलंच नाही, तर तिथे आपोआप "२४ तास" आलेलं.

अर्ध्या तासात पहिला फोन. "मसाज का क्या रेट है?" मी साधेपणाने म्हटलं, हेड मसाज का? तो हसला. मला हसण्यावरून कळलं.

तीन दिवसांत ४३ फोन आले, मोजलेत मी. काही जण नुसते श्वास घेत राहायचे. काही अगदी सभ्य आवाजात विचारायचे, "फक्त लेडीजचं करता का?" रात्री साडेबाराला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल. मिस्टर थर्ड शिफ्टला, शेजारी मुलगी झोपलेली, आणि हातातला फोन थरथरतोय. मी घाणेरडे मेसेज वाचून वाचून डिलीट करत होते, जणू मीच काही केलंय. ती चूक करू नका, त्यावर पुढे सांगते.

पाचव्या दिवशी एका बाईचा फोन आला. फेशियल करायचंय, आठ वाजता येते, भाऊ सोडायला येईल. बाईचा आवाज म्हटल्यावर मला बरंच वाटलं. आठ वाजता दारात दोन पुरुष. बाई नाही. "मॅडम मागून येतायत, आम्ही आत बसतो." आमच्या दाराला जाळीचा सेफ्टी डोअर आहे, त्याची कडी मी काढली नव्हती. मुलगी आत खाटेवर पाढे म्हणत होती. मी म्हटलं मॅडम आल्या की या. तर एकाने जाळीला हात लावून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "घरी कोणी नाही का?" समोरच्या काकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "कोण पाहिजे हो?" एवढंच. दोघं गाडीला किक मारून गेले.

घडलं काहीच नाही, आणि खरा त्रास तिथूनच सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, बंद कर ते पार्लर, घराण्याची शोभा नको. दीर म्हणाला, "कोणी हात लावला का वहिनी? दोन माणसं दारात आली आणि गेली. एवढं घाबरायचं असेल तर धंदा करू नये." मिस्टर थर्ड शिफ्ट करून आलेले, ते झोपले. सासूबाई आणि दीर, दोघांचं म्हणणं फिरून एकच होतं, हे मला तेव्हा बोलता आलं नाही. धंदा करायचा तर हे सोसायचं, नाही सोसायचं तर घरी बसायचं. अहो, मी घरीच बसले होते!

बरं, ती जाहिरात काढायला अकरा दिवस लागले, कारण ज्या मेलवरून टाकली त्याचा पासवर्ड भाऊजींना आठवेना. तोवर नंबर आणखी दोन साइटांवर जाऊन बसला होता. शेवटी नंबरच बदलला. शाळा, बँक, गॅस, आधार, सगळीकडे हेलपाटे. आणि जुन्या नंबरवरच्या नऊ-दहा खऱ्या गिऱ्हाइकांना मी गायब झाले असंच वाटलं.

त्या महिन्यापासून मी एक वही केली. प्रत्येक नव्या बाईला थ्रेडिंग करता करता विचारायचं, "माझं कोणाकडून कळलं?" आणि रात्री लिहून ठेवायचं. पहिल्या दोन वर्षांत ११८ जणी आल्या. ७१ जणी दुसऱ्या गिऱ्हाइकीने पाठवलेल्या. २२ शाळेच्या गेटवरच्या आया. १४ भिशीतून आणि महिला मंडळातून. ८ पॅम्फ्लेट वाचून. आणि भाऊजींच्या जाहिरातीवरून जुनं काहीतरी सापडून घर शोधत आलेल्या ३, त्यातली एक अपर लिप करून "सुट्टे आणते" म्हणून गेली ती गेलीच. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर दीर म्हणतो, "वहिनीचं पार्लर माझ्या जाहिरातीने उभं राहिलं." तर हे त्याचं उत्तर आहे. वही कपाटात आहे, कोणालाही दाखवीन.

तर आता तुमचं. पत्ता जाहिरातीत देऊच नका. पॅम्फ्लेटवर मी "त्रिमूर्ती चौकाजवळ" एवढंच छापते, खाली नंबर आणि "फोन करून वेळ घ्या". तो नंबर वेगळा, पार्लरपुरता. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाकलंय, ते फुकट असतं. कॅटलॉगमध्ये दर घालून ठेवलेत म्हणजे निम्मे फोन वाचतात, आणि संध्याकाळी सातनंतर आपोआप उत्तर जातं की उद्या सकाळी बोलू. सात वाजले की तो फोन ड्रॉवरमध्ये. डीपीला स्वतःचा फोटो नाही, पार्लरचं नाव आहे. गूगलवरही टाकलंय, पण तिथे पत्ता लपवून नुसता परिसर दाखवता येतो, तेवढंच ठेवा. नकाशावर घरावर टाचणी नको.

नवी बाई असेल तर पहिली वेळ सकाळी ११ ते दुपारी ४ मध्येच. आधी "कोणी पाठवलं?" हे विचारते. नंतर १०० रुपये अॅडव्हान्स यूपीआयने. तो पैशासाठी नाही हो. पैसे आले की पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं, आणि ज्यांना नुसती गंमत करायची असते ते १०० रुपयांवर गळतात. पैसे आले की मगच घर सांगायचं, तेही "शाळेच्या मागे आलात की फोन करा" असं. मी जाळीतून बघते, मग कडी काढते. बाईसोबत कोणी पुरुष असेल तर तो बाहेर. चांगल्या घरच्या बायका यावर रागवत नाहीत, त्यांना उलट बरं वाटतं की आत दुसरा कोणी शिरणार नाही. ज्या रागावल्या त्या पुन्हा आल्या नाहीत, चालतंय.

यूपीआयचा विषय निघालाच आहे तर, "मी मिलिटरीत आहे, मिसेससाठी पॅकेज बुक करायचंय, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा" असा फोन तुम्हाला येणार म्हणजे येणारच. तो स्कॅन करून पिन टाकला की आपलेच पैसे जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात.

जाहिरातीत "मसाज" हा शब्द लिहू नका. यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. मी त्या शब्दासकटची आणि त्या शब्दाशिवायची, दोन्ही जाहिराती पाहिल्यात. तोच दर, तीच मी, तो एक शब्द काढला की रात्रीचे फोन बंद. हेड मसाजला मी कॅटलॉगमध्ये "डोक्याला तेल लावून देणे" लिहिलंय. गिऱ्हाइकं हसतात, पण येतात. "बॉडी पॉलिशिंग" नवरीच्या पॅकेजमध्ये तोंडी सांगते. "फक्त महिलांसाठी" हे मात्र मोठ्या अक्षरात छापा. त्याने फोन थांबत नाहीत, पण फोन ठेवून द्यायला आपल्याला जोर येतो.

इन्स्टाचं विचाराल तर मी एकदाच ५०० रुपये घातले. लाइक भरपूर, सगळे पोरांचे, आयब्रोला एकही आली नाही. नंतर कळलं की टाकताना फक्त महिला आणि आसपासचे काही किलोमीटर असं निवडता येतं, मी ते केलंच नव्हतं. म्हणजे माझ्या ५०० रुपयांवरून तुम्ही ठरवू नका. रील टाकत असाल तर मागे काय दिसतंय ते बघा. मी एका नवरीच्या मेकअपचं रील टाकलं, लोकांनी कौतुक केलं, आणि चार दिवसांनी एका गिऱ्हाइकीने सांगितलं की मागे खुंटीवर मुलीचा शाळेचा युनिफॉर्म दिसतोय, खिशावरच्या नावासकट. तेव्हापासून मागे पांढरा पडदा. गिऱ्हाइकीचा चेहरा विचारल्याशिवाय टाकत नाही, खासकरून वॅक्सिंगचा आणि पिगमेंटेशनचा.

मेसेजचं म्हटलं होतं. कोणी मागे लागलं तर एकदाच स्पष्ट लिहायचं, "पुन्हा संपर्क करू नका." मग स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. डिलीट नाही. बाईने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. हे मला २०१८ मध्ये माहीत असतं तर "कोणी हात लावला का" याला फराळाच्या ताटावरच उत्तर दिलं असतं. दारात कोणी आलं तर पोलिसांना ११२ वर फोन. आणि त्याच्याही आधी समोरच्या काकू. आमचं ठरलंय, माझा मिस्ड कॉल गेला की त्या वाटी घेऊन साखर मागायला येतात. आजवर दोनदाच आल्या, त्यातली एकदा खरंच साखर पाहिजे होती.

तुम्ही विचारलं नाही, पण घरातले पुढे हे काढतील म्हणून सांगते. सासूबाईंचा पुढचा मुद्दा असा होता की जाहिरात केलीस की महावितरणवाले कमर्शियल मीटर लावतील. घराच्याच एका भागात धंदा असेल, वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि मागच्या वर्षी ३६०० च्या आत असेल तर घरगुतीच दर लागतो. माझं हेअर ड्रायरसकट १८० च्या वर गेलं नाही. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते. भाऊजींच्या एका मित्राने त्याचे माझ्याकडून १२०० घेतले, ती वेगळी वही आहे.

आता हे सगळं माझ्या घराचं, माझ्या गल्लीचं. मला इथे बारा वर्षं झाली होती, म्हणून तोंडातोंडी चाललं. तुम्ही गावात नव्या असाल तर ७१ जणी आपोआप येणार नाहीत, पहिले सहा महिने पॅम्फ्लेट छापावंच लागेल. सोसायटीत असाल तर मात्र वॉचमनच्या रजिस्टरमध्ये येणाऱ्याचं नाव-नंबर आधीच लिहिला जातो, ते आमच्याकडे नाही. त्याला दिवाळीला नीट बक्षिसी द्या. घरी जाऊन करायची ऑर्डर अनोळखी असेल तर घेऊच नका. लग्नाची असेल तर हॉलवर घ्या, तिथे पन्नास बायका असतात. पण पहाटे चारला हॉटेलच्या खोलीत नवरी तयार करायची असेल तर सोबत हेल्पर पोरगी न्या आणि तिचे ३०० रुपये आधीच बिलात धरा.

दिराचं लग्न झालं दोन वर्षांपूर्वी. जाऊ मेंदी काढते, चांगली काढते. मागच्या श्रावणात मंगळागौरीच्या ऑर्डरींसाठी त्याने तिची जाहिरात केली. मी उघडून पाहिली. फोटो नुसत्या हातांचा, पत्ता "सिडको, नाशिक", आणि नंबर त्याचा स्वतःचा. मी काही बोलले नाही. दिवाळीत बोलेन.

हां, बोर्डाचं राहिलं. घरावर बोर्ड लावा किंवा नका लावू, पण लावलात तर त्यावर नंबर रंगवू नका. माझा जुना बोर्ड तसाच होता, नंबर बदलल्यावर पेंटरने पुन्हा ४०० घेतले.